पार्श्वभूमी : शाळेच्या वर्गात येणारे जीवशास्त्राचे प्रयोग

केळं, मीठ, भांड्यांचा साबण आणि थंडगार स्पिरिट. एवढ्या सामानावर डीएनएचे पांढरे तंतू काढून दाखवणारे बाहेरच्या संस्थांचे कार्यकर्ते आता जिल्हा परिषदेच्या शाळांतही दिसतात. (त्या पांढऱ्या गोळ्यात डीएनएबरोबर पेक्टिन हा फळातला चिकट पदार्थ आणि प्रथिनंही असतात, हे मुलांना क्वचितच सांगितलं जातं.) जीवशास्त्राचा प्रयोग असा बाहेरून वर्गात येऊ लागला तो मुख्यतः गेल्या पंधरा-वीस वर्षांत. आधीच्या काळाचं सांगायचं तर जास्वंदीचं फूल ब्लेडने उभं कापणं, कांद्याच्या पापुद्र्याची स्लाइड, फॉर्मॅलिनच्या बरणीतला साप आणि गुंडाळून ठेवलेले कापडी तक्ते.

याला ठळक अपवाद मध्य प्रदेशातला. 1972 मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या सहावी ते आठवीच्या 16 शाळांत दोन स्वयंसेवी संस्थांनी प्रयोगावर आधारलेलं विज्ञान सुरू केलं. 1978 मध्ये ते जिल्हाभर गेलं. त्याचं वेगळेपण किटमध्ये कमी आणि परवानगीत जास्त होतं. सरकारने पाठ्यपुस्तक आणि परीक्षा, दोन्ही बदलू दिलं होतं. मुलं पुस्तक उघडं ठेवून पेपर लिहीत आणि प्रयोगाचीही परीक्षा देत. पानांचे आकार, किड्यांचं जीवनचक्र, बियांचं रुजणं हे शाळेच्या आवारात आणि शेताच्या बांधावर शिकलं जाई. 2002 मध्ये राज्य सरकारने हा कार्यक्रम बंद केला. होशंगाबादचं काम पसरत होतं त्याच सुमारास, म्हणजे 1970च्या दशकाच्या उत्तरार्धात, मुंबईतल्या एका विज्ञानशिक्षण केंद्राने जळगाव जिल्ह्यात खिरोद्याच्या परिसरातल्या ग्रामीण शाळांत काम केलं. मात्र महाराष्ट्रात पुस्तक आणि परीक्षा सरकारी मंडळांच्याच हाती राहिली. इथले पुढचे बहुतेक उपक्रम तासाला जोडून, शनिवारी किंवा सुट्टीत चालले, त्याचं कारण मला यातच दिसतं.

ज्या निर्णयावरून सर्वांत जास्त वाद झाला तो विच्छेदन, म्हणजे प्राणी कापून अभ्यासणं, थांबवण्याचा. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धच्या 1960च्या कायद्यातच म्हटलं आहे की पुस्तकं, प्रतिकृती, फिल्म यांनी काम भागत असेल तिथे प्राण्यांवरचे प्रयोग टाळावेत. पण ते कलम बराच काळ कागदावरच होतं. बेडकाचा प्रश्न पेटला तो वेगळ्याच कारणाने. परदेशी हॉटेलांसाठी दरवर्षी हजारो टन बेडकाच्या तंगड्या निर्यात होत होत्या. भातशेतीतले कीटक खाणारा प्राणीच नाहीसा होत असल्याची ओरड झाली आणि 1987 मध्ये निर्यातीवर बंदी आली. प्रयोगशाळेच्या टेबलावरचा बेडूक त्यानंतर हळूहळू अवघड ठरत गेला. शाळांच्या पातळीवर विच्छेदन आधीच मागे पडत होतं. महाविद्यालयांसाठी 2011 मध्ये केंद्रीय नियामक संस्थेने टप्प्याटप्प्याने ते कमी करण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या आणि 2014 मध्ये ते थांबवायला सांगितलं.

प्राणिमित्र खूश झाले, प्राणिशास्त्राचे प्राध्यापक चिडले. संगणकाच्या पडद्यावर हृदय फिरवून पाहणाऱ्या मुलाला ऊतीचा चिवटपणा कधी कळणार, हा त्यांचा सवाल होता आणि तो खोटा नव्हता. तरी या सगळ्या भांडणात एक गोष्ट निसटली. दहावीपर्यंतच्या बहुसंख्य मुलांच्या हातात चिमटा-कात्री कधी आलीच नव्हती. झालंच तर सर समोरच्या टेबलावर कापत, मागच्या बाकांवरची मुलं माना उंचावत आणि नंतर जर्नलमध्ये आकृती उतरवून घेत. बेडूक गेल्याने शालेय जीवशास्त्र 'कोरडं' झालं असं म्हणणाऱ्यांनी ते आधी किती ओलं होतं, हे तपासलेलं दिसत नाही. खरं नुकसान पुढचं आहे. बंदीच्या आदेशांत पर्याय म्हणून सीडी आणि सॉफ्टवेअर आलं. तळ्याचं पाणी, शेवाळ, मुंग्या, बुरशी, यीस्ट यांच्याकडे कुणी वळलं नाही. ती रिकामी जागा बाहेरच्या संस्थांनी भरली.

त्याच वर्षी, 2014 मध्ये, दोन गोष्टी जुळून आल्या. मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करण्याचा नियम लागू झाला आणि फिरत्या प्रयोगशाळांच्या गाड्यांना पैसा मिळू लागला. आणि अमेरिकेतल्या एका भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाच्या गटाने घडी घालून बनवायचा कागदी सूक्ष्मदर्शक जाहीर केला. सुट्या भागांचा खर्च एका डॉलरच्या आत बसावा, असा त्यांचा हिशेब होता. पुढच्या वर्षी केंद्र सरकारच्या एका विभागाने त्यांच्याशी करार केला आणि तो भारतातल्या शाळा-महाविद्यालयांत पोचला. साधारण 140 पट मोठं दाखवणाऱ्या त्या कागदाखाली कांद्याच्या पेशी व्यवस्थित दिसतात. एका सूक्ष्मदर्शकामागे पन्नास मुलांची रांग, हे चित्र निदान काही वर्गांत तरी बदललं.

पण गाडीला भौतिकशास्त्र मानवतं. भिंग, चुंबक, आरसे वर्षभर खोक्यात राहतात. हायड्रिलासारखी पाणवनस्पती, गांडूळ किंवा पॅरामेशियम या एकपेशीय जीवाचं पाणी राहत नाही. त्यातून या भेटींचा हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे विज्ञान प्रदर्शनांपासून 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनापर्यंत. जूनपासून सप्टेंबरपर्यंत शाळेच्या भिंतीवर शेवाळ, डबक्यात बेडकांची पिल्लं आणि गवतावर टोळ असतात, तेव्हा गाडी बहुधा शहरात उभी असते. 2016 पासून शाळांना प्रत्येकी 20 लाखांपर्यंत अनुदान देणारी सरकारी प्रयोगशाळा योजना आली, पण तिचा भर रोबॉट, सेन्सर आणि थ्रीडी प्रिंटरवर राहिला.

2020च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायचं सुचवलं आहे. सुतारकाम, कुंभारकाम, बागकाम अशा हातच्या कामांसाठीची ही जागा जीवशास्त्राच्या उपक्रमांना थोडीफार वापरता येते. नववी-दहावीला मात्र ती नाही. दहावीच्या विज्ञानात प्रात्यक्षिकाचे 20 गुण आजही शाळेच्याच हातात आहेत आणि त्यांचा मोठा आधार म्हणजे सही झालेलं जर्नल.