थायरॉईडच्या धडधडीवर हृदयाची गोळी कशी आली

आमच्या काकूचा थायरॉईड सापडला तो विळीवर. देवगडचं घर, मे महिना, आंब्याची गडबड. नारळ खवताना वाटी हातातून दोनदा निसटली तेव्हा शेजारीण म्हणाली, "काकी, हात कित्याक थरथरतत गो तुझे?" त्याआधी तीन महिने घाम फुटत होता, पण कोकणात मे महिन्यात घाम कोणाला फुटत नाही? जेवण दोन माणसांचं आणि अंगाला काही लागत नाही, म्हणून एकीने देवळात गाऱ्हाणं घालायला सांगितलं. रात्री छाती धडधडायची त्याला घरच्यांनी 'टेन्शन' असं नाव दिलं होतं.

बाजारपेठेतल्या डॉक्टरांनी तिला दोन्ही हात समोर ताठ धरायला लावले आणि बोटांवर वर्तमानपत्राचं एक पान पसरलं. पंखा बंद होता, तरी पानाची कड फडफडत राहिली. नाडी मिनिटाला ११८. रक्त तपासलं तर थायरॉईड ग्रंथीला कामाला लावणारं टीएसएच जवळजवळ शून्य, आणि ग्रंथीची स्वतःची हार्मोन, टी-३ आणि टी-४, चढलेली. म्हणजे गळ्यातली ही ग्रंथी गरजेपेक्षा जास्त हार्मोन ओतत होती. दोन गोळ्या सुरू झाल्या, कार्बिमॅझोल आणि प्रोप्रानोलॉल. दुसरीने तीन दिवसांत हात थांबले, झोप लागली. पहिलीचा 'काही गुण दिसेना' म्हणून काकूने ती आपल्या मनाने बंद केली. दीड महिन्याने रिपोर्ट होता तिथेच.

हा घोळ कोकणात मी निदान चार घरांत पाहिला आहे. गुण देणारी गोळी आणि आजार हटवणारी गोळी वेगळ्या असतात हे माणसाला पटत नाही. या दोन गोळ्या एका चिठ्ठीवर आल्या कशा, ते पाहिलं की घोळाचं कारण कळतं.

या आजाराची ओळखच मुळी हृदयापासून झाली. इंग्लंडातल्या बाथ गावचे कॅलेब पॅरी यांनी १७८६ मध्ये पहिली रोगी पाहिली. त्यांची टिपणं मात्र ते वारल्यावर, १८२५ मध्ये छापली गेली. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी १८३५ मध्ये गळा सुजलेल्या स्त्रियांचं वर्णन केलं, त्यात सगळा भर छातीच्या जोरदार धडधडीवर. १८४० मध्ये जर्मनीतल्या मेर्झेबुर्गचे कार्ल फॉन बासेडो यांनी तीन खुणा एकत्र बांधल्या: सुजलेला गळा, बाहेर आलेले डोळे, धडधड. मूळ खोड गळ्यातल्या ग्रंथीत आहे हे कळायला पुढे कित्येक वर्षं गेली. तोवर कोणी याला हृदयरोग म्हणत होतं, कोणी मज्जातंतूंचा. फ्रान्समध्ये लियोंच्या माथ्यू जाबुले यांनी १८९६ मध्ये या रोग्यांच्या मानेतल्या सिंपथेटिक, म्हणजे हृदयाला वेग देणाऱ्या, नसाच कापून पाहिल्या. उपाय अघोरी होता, पण त्यामागचा तर्क पुढची सत्तर वर्षं टिकला. घाम, थरथर, धडधड, डोळे विस्फारणं ही सगळी लक्षणं घाबरलेल्या माणसाची, म्हणजे अ‍ॅड्रेनालिन उसळल्यासारखी. मग अ‍ॅड्रेनालिनलाच अडवलं तर?

अडवायचं कुठे, ते १९४८ मध्ये अमेरिकेतल्या रेमंड अल्क्विस्ट यांनी सांगितलं. अ‍ॅड्रेनालिन पेशींवरच्या दोन जातींच्या दारांवर काम करतं, अल्फा आणि बीटा. हृदयाचा वेग वाढतो तो बीटा दारातून. त्यांचा लेख एका नियतकालिकाने परत पाठवला, दुसऱ्याने छापला, आणि दहा वर्षं त्याकडे फारसं कोणी पाहिलं नाही.

या दहा वर्षांत आपल्याकडची एक वनस्पती मध्ये येते, आणि ही कथा मला सगळ्यात आवडते. सर्पगंधा सह्याद्रीच्या पायथ्याशी, कोकणातल्या सावलीच्या रानात उगवते. साप-विंचवावर आणि वेड लागलेल्याला शांत करायला वैद्य तिचं मूळ वापरत आले. कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये ती रक्तदाबावर चालते असं लिहिलं, आणि १९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये आपल्या रोग्यांचा अनुभव मांडल्यावर सगळ्या जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत तिच्यातलं रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. रेसर्पिन मज्जातंतूंतला अ‍ॅड्रेनालिनच्या भावाचा, म्हणजे नॉरअ‍ॅड्रेनालिनचा साठाच रिकामा करतं. जाबुले यांनी सुरीने केलं ते हे गोळीने करणार होतं. १९५७ मध्ये अमेरिकेत थायरॉईड चढलेल्या रोग्यांना रेसर्पिन देऊन पाहिलं, आणि धडधड, थरथर, बेचैनी उतरली. १९६१ मध्ये ग्वानेथिडिन या रक्तदाबाच्या औषधानेही तेच साधलं. थायरॉईड चढलेला असताना लक्षणं गोळीने दाबता येतात, हे बीटा-ब्लॉकर, म्हणजे बीटा दार बंद करणाऱ्या गोळ्या, बाजारात यायच्या आधीच ठरलं होतं, आणि त्यातला एक धागा आपल्या रानातून गेलेला आहे. पण रेसर्पिनने माणूस उदास व्हायचा, ग्वानेथिडिनने उठून उभं राहिलं की रक्तदाब पडून चक्कर यायची. (त्या मुळांची पुढे इतकी लूट झाली, की १९९० पासून सर्पगंधेच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत.)

जेम्स ब्लॅक या स्कॉटिश संशोधकाला थायरॉईडशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना छातीत कळ येणाऱ्या हृदयरोग्यांसाठी औषध हवं होतं. हृदयाला जादा रक्त कसं पुरवायचं यावर सगळे डोकं लावत होते. ब्लॅक म्हणाले, हृदयाची मागणीच कमी करू. १९५८ मध्ये ते आयसीआय या ब्रिटिश कंपनीत गेले आणि अल्क्विस्टचं बीटा दार बंद करणारा रेणू शोधू लागले. पहिला प्रोनेथॅलॉल, पण त्याने उंदरांना गाठी झाल्या. मग १९६४ मध्ये प्रोप्रानोलॉल जाहीर झालं. ब्लॅक यांना १९८८ चं नोबेल मिळालं त्यात याचा मोठा वाटा.

थायरॉईडवाल्यांनी ही गोळी लगेच उचलली. १९६५ मध्येच लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात थायरॉईडच्या आणि चिंतेच्या रोग्यांची नाडी तिने उतरते असा लेख आला, आणि १९६९ मध्ये बेलफास्टच्या डॉक्टरांनी तुलनेची रीतसर चाचणी छापली.

गंमत पुढे आहे. ज्या तर्कावर हे सगळं उभं राहिलं, तो अर्धाच खरा निघाला. मोजून पाहिलं तर थायरॉईड चढलेल्यांच्या रक्तात अ‍ॅड्रेनालिन वाढलेलं नसतं, ते नेहमीइतकं किंवा थोडं कमीच भरतं. मग उसळी कसली? १९७७ मध्ये रॉबर्ट लेफकोविट्झ यांच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या हृदयात दिसलं, की थायरॉईडचं हार्मोन बीटा दारांची संख्याच वाढवतं. पाहुणे तेवढेच, घराला दारं मात्र जास्त. दारं लावून घेतली की गडबड कमी होते, म्हणून गोळी चालते. पण ग्रंथी हार्मोन ओततच राहते. वजन उतरतच राहतं, हाडं झिजतात. प्रोप्रानोलॉल मोठ्या मात्रेत टी-४ चं टी-३ होणं थोडं अडवतं खरं, पण त्यावर विसंबून कोणी राहत नाही.

आता कार्बिमॅझोल. १९४३ मध्ये एडविन ॲस्टवूड यांनी थायोयुरॅसिलने ग्रंथीतलं हार्मोन तयार होणं बंद करता येतं हे दाखवलं, आणि कार्बिमॅझोल त्याच घराण्यातलं. ते नवीन माल थांबवतं, पण गोदामात भरलेला माल आधी संपावा लागतो, आणि ग्रंथीत कित्येक आठवड्यांचा साठा असतो. म्हणून गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात. मधल्या आठवड्यांची सोय म्हणजे बीटा-ब्लॉकर. सहसा प्रोप्रानोलॉल १० ते ४० मिलिग्रॅम दिवसातून तीन-चार वेळा, कारण त्याचा अंमल काही तासांतच ओसरतो. किंवा अटेनोलॉल दिवसातून एकदा. ग्रंथीच्या सुजेमुळे साठा नुसता गळून बाहेर येत असेल, तर कार्बिमॅझोल लागतच नाही, बीटा-ब्लॉकरवरच ते दिवस काढतात.

दम्याच्या माणसाला प्रोप्रानोलॉल चालत नाही, कारण श्वासनळ्या मोकळ्या ठेवणारं दारही ते बंद करतं. आमच्याकडे पावसाळ्यात दर दुसऱ्या घरात कोणीतरी खोकत बसलेलं असतं, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं नाही तरी दमा आहे हे आपण आपणहून सांगावं. गोळी एकदम तोडूही नये.

आणि मासे. "दारात समुद्र, ताटात बांगडा, मग थायरॉईड कसा?" हे मी आंगणेवाडीच्या जत्रेतही ऐकलंय. आयोडीन कमी पडून होणारा गलगंड वेगळा. त्यासाठी कांगडा खोऱ्यात १९५६ पासून अभ्यास झाला आणि आयोडीनयुक्त मीठ देशभर आलं. ग्रेव्ह्ज आजारात, म्हणजे वर सांगितलेल्या याच आजारात, शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीला डिवचत राहते, तिथे बांगड्याचं काही चालत नाही. आणि मिठागरातल्या खडेमिठातही आयोडीन नावालाच असतं.

काकूला डॉक्टरांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावलं. या वेळी चुलत्यांनी कार्बिमॅझोलच्या पाकिटावर पेनाने 'आजाराची' लिहिलं आणि दुसऱ्यावर 'हाताची'. सातव्या आठवड्यात टी-४ उतरला, तेव्हा 'हाताची' हळूहळू कमी करत बंद झाली. 'आजाराची' दीड वर्ष चालली. ते पाकीट फडताळात, कोकमाच्या बरणीशेजारी असायचं.