कव्हर व्हर्जन आणि ओरिजिनल गाण्याची तुलना

कव्हर व्हर्जन म्हणजे एका गायकाने किंवा बँडने आधी रेकॉर्ड करून बाहेर काढलेलं गाणं दुसऱ्या कोणीतरी नव्याने रेकॉर्ड करणं. रिमिक्स वेगळं, त्यात जुनं रेकॉर्डिंगच कापून-जोडून वापरतात. चाल उचलणं तर त्याहून वेगळं, तिथे मूळ संगीतकाराचं नावच गायब असतं. कव्हरमध्ये गाणं तेच, गीतकार-संगीतकार तेच, बदलतो तो गाणारा आणि त्याच्याबरोबर पट्टी, लय, ठेका, वाद्यं, कधी एखादा शब्द. दोन्ही शेजारी ठेवून ऐकायची हौस सगळीकडे आहे आणि आपल्याकडे तर 'ओरिजिनल ते ओरिजिनल' म्हणून विषय तिथेच मिटवतात. पण कुठलं भारी हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. आधी बघायचं की नव्या गाणाऱ्याने काय ठेवलं, काय काढलं, आणि त्यामुळे गाण्यात कोण कोणाला काय सांगतंय हे बदललं का. हे कळलं की तुलनेचं निम्मं काम झालं.

'रिस्पेक्ट': गाणारा बदलला की काय होतं

यासाठी 'रिस्पेक्ट'इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही. ओटिस रेडिंगने ते लिहिलं आणि १९६५ मध्ये स्वतःच गायलं. त्यात पुरुष कमावून घरी येतोय, पैसे तुझ्या हातात देतो, बाकी काही म्हणत नाही, फक्त घरी आल्यावर मान दे असं तो बाईला विनवतोय. ब्रास (म्हणजे ट्रम्पेटसारखी फुंकायची पितळी वाद्यं) आणि ड्रम सुसाट पळतात, ओटिसचा घसा ओरडून बसायला आलाय असं वाटतं, आणि गाणं दोन मिनिटांच्या आसपास संपून जातं. चांगलं गाणं आहे, त्या वेळी चाललंही.

मग १४ फेब्रुवारी १९६७ ला न्यूयॉर्कमध्ये अरेथा फ्रँकलिनने ते अटलांटिक रेकॉर्ड्ससाठी रेकॉर्ड केलं. शब्द बरेचसे तेच. पण आता मान मागणारी बाई आहे, आणि ती विनवत नाही, ती अट घालतेय. नुसता गाणारा बदलला म्हणून एवढं झालं असं बरेच जण लिहितात, ते अर्धंच खरं आहे, कारण अरेथाने गाण्याची बांधणीसुद्धा बदलली. नीट ऐका. ओटिसच्या गाण्यात मधला वेगळा भागच नाही, कडवी एकामागून एक येत राहतात. अरेथाच्या रेकॉर्डिंगमध्ये मधे किंग कर्टिसचा सॅक्सोफोन येतो आणि त्याच्याखालचे कॉर्ड्स (एकत्र वाजणारे स्वरांचे गट) चक्क दुसऱ्याच एका गाण्यातून, सॅम अँड डेव्ह या गायकजोडीच्या गाण्यातून घेतलेत, त्यामुळे गाणं क्षणभर दुसऱ्या घरात जाऊन आल्यासारखं वाटतं. त्यानंतर वाद्यं थांबून थांबून वाजतात आणि त्या मोकळ्या जागेत ती शीर्षकाची एकेक इंग्रजी अक्षरं सुटी सुटी उच्चारते. ही अक्षरं ओटिसकडे नव्हतीच! आज गाण्याचं नाव काढलं की लोकांना आधी तेच आठवतं. मागे तिच्या बहिणी कॅरोलिन आणि अर्मा कोरसमध्ये आहेत, म्हणजे एकटी बाई बोलत नाहीये, तिच्या बाजूने उभ्या राहिलेल्या बायका आहेत. ओटिसकडे असा बायकांचा आधार नाही.

जूनमध्ये हे अमेरिकेच्या बिलबोर्ड चार्टवर एक नंबरला गेलं आणि नागरी हक्कांच्या आणि स्त्रियांच्या चळवळीत घोषणेसारखं वापरलं गेलं. त्याच जूनमध्ये माँटेरीच्या फेस्टिवलमध्ये ओटिसने ते गायलं तेव्हा हे गाणं एका मुलीने माझ्याकडून नेलं असं स्टेजवरूनच सांगितलं. डिसेंबरमध्ये तो विमान अपघातात गेला, वय फक्त २६. पैशाचा हिशोब मात्र उलटा आहे, कारण अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं की रॉयल्टी गीतकार-संगीतकाराच्या बाजूला जाते, गाणाऱ्याला त्यातलं काही मिळत नाही. म्हणजे इतकी वर्षं अरेथाचं रेकॉर्डिंग रेडिओवर वाजत राहिलं आणि त्याची कमाई लेखकाच्या बाजूला गेली. माझ्या मते हा अन्याय आहे, कारण लोक जे ऐकतात त्यातलं निम्मं तिने घडवलेलं आहे.

वयाचा फरक: 'हर्ट'

इथे बाई-पुरुष हा मुद्दा नाही, वयाचा आहे. 'हर्ट' हे नाइन इंच नेल्स या बँडच्या १९९४ च्या अल्बममधलं शेवटचं गाणं, ते लिहिणारा आणि गाणारा ट्रेंट रेझनर तेव्हा तिशीच्या आतला. कंट्री गायक जॉनी कॅशने २००२ मध्ये त्याचं कव्हर केलं तेव्हा तो ७० वर्षांचा आणि आजारी. मूळ गाण्यात गिटारवर एक स्वर मुद्दाम खटकणारा ठेवलाय, तो कानाला टोचत राहतो, आवाज जवळजवळ कुजबुजीचा, आणि शेवटी एकदम कर्कश गोंगाट कोसळतो. कॅश आणि निर्माता रिक रुबिनने तो खटकणारा स्वर काढून टाकला, साधे कॉर्ड्स ठेवले, दोन-तीन वाद्यं, आणि शेवटाकडे पियानोवर एकच स्वर ठोकत नेला. एक शिवीसारखा शब्द होता तो बदलून कॅशने काट्यांच्या मुकुटाचा उल्लेख घातला, म्हणजे थेट येशू. तो श्रद्धाळू ख्रिश्चन होता, त्याच्या तोंडी ते शोभतं. तरुण माणूस स्वतःला संपवायच्या काठावर असताना जे म्हणत होता तेच म्हातारा माणूस मागे वळून बघत म्हणतो, आणि शब्द मात्र एखाद-दुसरा सोडला तर तेच आहेत.

एक सावधगिरी मात्र हवी. कॅशच्या गाण्याचा मार्क रोमानेकने केलेला व्हिडिओ इतका जबरदस्त आहे, बंद पडलेलं त्याचं म्युझियम, जिन्यावरून त्याच्याकडे बघणारी बायको जून, आणि ती मे २००३ मध्ये गेली, तोही सप्टेंबरमध्ये गेला, हे सगळं माहीत असताना गाणं निव्वळ कानाने ऐकणं होतच नाही. म्हणून तुलना करायची तर आधी डोळे मिटून दोन्ही ऐकावं आणि मग व्हिडिओ बघावा. मला दोन्ही लागतात, आणि रेझनरचं कमी ऐकलं जातं याचं वाईट वाटतं, त्या टोचणाऱ्या स्वरात जे आहे ते कॅशकडे नाही.

मूळ म्हणजे नक्की कुठलं

लेनर्ड कोहेनचं 'हालेलुया' १९८४ चं. ते ज्या अल्बममध्ये होतं तो अल्बम अमेरिकेत काढायलाच त्याच्या अमेरिकन कंपनीने नकार दिला होता. कोहेनचं रेकॉर्डिंग म्हणजे खोल जड आवाज, सिंथेसायझर आणि मागे कोरस. १९९१ मध्ये जॉन केल या गायकाने ते करायचं ठरवलं तेव्हा कोहेनने लिहिलेली भरपूर कडवी मागवली आणि त्यातली निवडून पियानोवर गायली. जेफ बकलीने १९९४ मध्ये जे गायलं ते केलचं ऐकून, एक इलेक्ट्रिक गिटार आणि आवाज बस. म्हणजे बकलीची तुलना थेट कोहेनशी केली तर मधला माणूस सुटतो आणि कडव्यांची निवड बकलीची होती असं वाटायला लागतं, जी केलची होती. २००८ च्या ख्रिसमसला ब्रिटनमध्ये टीव्ही स्पर्धा जिंकलेल्या अलेक्झांड्रा बर्कचं हेच गाणं एक नंबरला, बकलीचं दोन नंबरला आणि कोहेनचं स्वतःचं ३६ व्या नंबरला होतं, एकाच आठवड्यात!

आधी कानावर पडतं ते आपल्यासाठी ओरिजिनल होऊन बसतं, ही माणसाची सवयच आहे. म्हणून कुठलंही गाणं मूळ मानण्याआधी रेकॉर्डिंगची तारीख बघावी. आणि दोन्हींचा व्हॉल्यूम सारखा करून घ्यावा, कारण जरा मोठ्याने वाजलेलं कानाला उगाचच चांगलं वाटतं आणि नवीन रेकॉर्डिंग बहुतेक वेळा मोठ्या आवाजातच मास्टर (म्हणजे बाहेर काढण्याआधी शेवटचं तयार) केलेलं असतं.

अमेरिकेत १९५०च्या दशकात तर कव्हरला वेगळीच काळी बाजू होती. कृष्णवर्णीय गायकाचं गाणं गोऱ्या गायकाकडून गुळगुळीत करून घ्यायचं आणि गोऱ्यांच्या रेडिओवर तेच वाजवायचं. फॅट्स डॉमिनोचं 'एन्ट दॅट अ शेम' १९५५ चं, पॅट बूनने लगेच केलेलं कव्हर पॉप चार्टवर एक नंबरला गेलं आणि डॉमिनोचं दहाव्याला थांबलं. अशा जोडीची तुलना नुसत्या सुरांवर करून चालत नाही.

आपल्याकडची व्हर्जन साँग

भारतात ८०च्या दशकात गुलशन कुमारांच्या टी-सीरिजने जुनी हिंदी गाणी नव्या गायकांकडून गाऊन घेऊन स्वस्त कॅसेटवर आणली, हीच व्हर्जन साँग. मूळ रेकॉर्डिंग एचएमव्हीकडे होती, पण कॉपीराइट कायद्यात अशी सोय होती की पहिलं रेकॉर्डिंग येऊन दोन वर्षं झाली की नोटीस देऊन आणि रॉयल्टी भरून दुसरं करता येत होतं. सोनू निगमने रफींची, कुमार सानूने किशोरदांची, अनुराधा पौडवाल यांनी लताबाईंची गाणी अशीच गायली. कॅसेटवर मोठा फोटो भलत्याचाच आणि खरा गायक बारीक अक्षरांत, असं बऱ्याचदा असायचं, आणि घरोघरी लोक तीच ओरिजिनल समजून वाजवायचे.

इथे तुलनेची पद्धत बदलते, कारण व्हर्जनवाल्याला काही बदलायचंच नसतं. म्हणून बारकाव्यात शिरावं लागतं: हरकत त्याच जागी घेतली का, मुरकी साफ आली का, श्वास कुठे तोडला, वरचा सूर ओढून घेतला की सहज लागला, आणि खऱ्या व्हायोलिनच्या ताफ्याच्या जागी कीबोर्ड किती ऐकू येतोय. या कॅसेटना सरसकट नावं ठेवणं मला पटत नाही. सोनू निगमसारखा गायक त्यातून तयार झाला.

कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीत हे सगळं कडक झालं. आता पहिलं रेकॉर्डिंग आलं ते वर्ष संपल्यावर पाच वर्षं थांबावं लागतं, दर वर्षी किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी भरावी लागते, हे कव्हर आहे असं वेष्टनावर लिहावं लागतं, आणि तांत्रिक गरजेपलीकडे मूळ कृतीत बदल चालत नाही. म्हणजे अरेथाने केलं तसं काही करायचं तर या सोयीचा उपयोग नाही, मालकाची वेगळी परवानगीच हवी.

मराठीतली दोन

'सैराट' (२०१६) मधलं 'झिंगाट' आणि हिंदी 'धडक' (२०१८) मधलं 'झिंगाट' ही जोडी अभ्यासाला फार चांगली आहे, कारण संगीतकार अजय-अतुलच, गाणारेही तेच, चाल तीच, ठेका तोच. बदलले फक्त शब्द, आणि गाणं करमाळ्याच्या बाजूकडून उदयपूरला गेलं. तरी फरक लगेच जाणवतो. मराठी ओळींत बोलीतले आखूड तुटक शब्द ठेक्यावर आदळतात, हिंदीत अमिताभ भट्टाचार्यांनी यमकं छान जमवलीत पण तो गावरान खडबडीतपणा नाही.

दुसरं उदाहरण कव्हरचं नाही, पण कान तयार करायला यासारखं काही नाही. १९६७ च्या 'कट्यार काळजात घुसली' नाटकात पुरुषोत्तम दारव्हेकरांचं 'घेई छंद मकरंद' हे एकच पद जितेंद्र अभिषेकींनी दोन चालींत बांधलंय, एक पंडितजींच्या गायकीची आणि एक खाँसाहेबांच्या, हे नाटकातले दोन प्रतिस्पर्धी गायक. शब्द तेच, पण पंडितजींचं ठाय म्हणजे संथ लयीत फुलत जातं आणि खाँसाहेबांचं तानांनी झेपावतं. खाँसाहेबांचं वसंतराव देशपांडे गायचे. २०१५ च्या सिनेमात तेच त्यांचे नातू राहुल देशपांडे गायले आणि पंडितजींचं शंकर महादेवन. त्यामुळे इथे दोन्ही प्रकारची तुलना करता येते, एका पदाच्या दोन चालींची आणि एकाच चालीच्या आजोबा-नातवाच्या गाण्याची.