प्राणिसंग्रहालयात टिपलेली छायाचित्रे विकण्यासाठी परवानगी : पात्रता, अर्ज आणि कागदपत्रे

सांगली-साताऱ्याकडच्या हौशी छायाचित्रकाराला वाघ-बिबट्याचे चित्र जवळून हवे असते, तेव्हा त्याची पावले बहुधा पुणे-सातारा रस्त्यावरच्या कात्रजकडे, म्हणजे पुणे महानगरपालिकेच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयाकडे वळतात. तीच चित्रे पुढे दिनदर्शिकेसाठी छापखान्यात जातात, आणि मालक परवानगीचे पत्र मागतो तेव्हा अनेकांना प्रथमच कळते की प्रवेशाचे तिकीट म्हणजे विक्रीची मुभा नव्हे. कॅमेऱ्याचे वेगळे शुल्क भरले असले, तरी विक्रीची मुभा परवानगीच्या पत्रात स्पष्ट लिहिलेली नसेल तर ते शुल्क केवळ खासगी वापरापुरतेच समजावे.

येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. १९५७ च्या प्रताधिकार (कॉपीराइट) अधिनियमानुसार छायाचित्र काढणारी व्यक्ती हीच त्याची कर्ती असते आणि सामान्यतः पहिला हक्कही तिचाच असतो. पिंजऱ्यातला प्राणी संग्रहालयाचा आहे म्हणून चित्र संग्रहालयाचे होत नाही. परंतु आवार संग्रहालयाचे असल्याने तेथे कोणत्या अटींवर छायाचित्रण करू द्यायचे, हे ठरवण्याचा अधिकार व्यवस्थापनाचा आहे आणि आपण त्या अटी मान्य करूनच आत जातो. चित्र आपले असूनही अटींचा भंग आपलाच ठरू शकतो, हे मी नवोदितांना पुन्हा पुन्हा सांगतो, कारण बहुतेक वाद इथेच उभे राहतात.

अर्ज अठरा वर्षे पूर्ण झालेल्या कोणत्याही व्यक्तीने किंवा व्यवसायाने करावा; मुलाने काढलेल्या चित्रांसाठी पालकाने सही करावी. अर्ज संग्रहालयाच्या संचालकांच्या नावे लिहावा, आणि संग्रहालय महापालिकेचे असेल तर त्याची प्रत आयुक्त कार्यालयालाही द्यावी. छायाचित्रणाचा दिवस व वेळ, सोबतच्या माणसांची संख्या, ट्रायपॉड, फ्लॅश यांसारखी साधने आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चित्रांचा नेमका वापर, हे सारे त्यात यावे. "व्यावसायिक वापरासाठी" एवढेच लिहिणे पुरेसे नाही. "एका दिनदर्शिकेसाठी, इतक्या प्रती, इतक्या चित्रांसह" असे लिहिले तर अधिकाऱ्याला निर्णय घेणे सोपे जाते. चित्रे आधीच काढून झाली असतील, तर ती केव्हा व कशी काढली हे प्रामाणिकपणे सांगून ना-हरकत पत्र मागावे.

सोबत ओळखपत्राची व पॅन कार्डाची प्रत, व्यवसाय असल्यास त्याच्या नोंदणीचा पुरावा, पूर्वीच्या कामाचे दोन-तीन नमुने आणि स्वतःच्या सहीचे हमीपत्र जोडावे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या कलम ३८ जे नुसार संग्रहालयातील प्राण्यांना छेडणे, इजा करणे, खाऊ घालणे, आवाजाने वा अन्य प्रकारे त्रास देणे आणि आवारात कचरा करणे यांस मनाई आहे. हमीपत्रात या कलमाचा उल्लेख असावाच. बिबट्याने कॅमेऱ्याकडे बघावे म्हणून जाळी वाजवणारे लोक मी पाहिले आहेत, आणि तसे मिळवलेले चित्र कितीही देखणे असले तरी ते विकायला काढू नये, असे माझे ठाम मत आहे. अर्ज आवक विभागात देऊन शिक्क्यासह पोच घ्यावी, आणि शुल्क सांगितल्यास पावती पत्रासोबत जपून ठेवावी.

छापखान्याशी किंवा प्रकाशकाशी होणारा करार दुसऱ्या टप्प्यातला असला, तरी तोटा बहुतेकदा येथेच होतो. हक्काचे हस्तांतरण लेखी आणि सहीचे असावे लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. दिनदर्शिकेसाठी पूर्ण हस्तांतरण करण्याऐवजी एका वर्षाचा, एका आवृत्तीचा परवाना देणेच शहाणपणाचे, कारण २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्राचा प्रताधिकार कर्त्याच्या हयातीनंतरही साठ वर्षे टिकतो आणि मुलाबाळांना उपयोगी पडतो. उलट, कोणी मोबदला देऊन आपल्याकडून चित्रे काढून घेतली असतील आणि वेगळा करार नसेल, तर पहिला हक्क त्या ग्राहकाचा असतो. चित्रात ओळखू येणारे पर्यटक, विशेषतः मुले, असतील तर त्यांची किंवा पालकांची लेखी संमती घ्यावी.

कोयना, चांदोली किंवा देवराष्ट्रेजवळचे सागरेश्वर या संरक्षित जंगलांत काढलेल्या चित्रांना संग्रहालयाचे हे पत्र लागू होत नाही. अभयारण्यात छायाचित्रणासाठी प्रवेश वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या कलम २८ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवान्याने मिळतो, राष्ट्रीय उद्यानासही ती तरतूद लागू आहे, आणि अर्ज स्थानिक वन्यजीव कार्यालयामार्फत करणे सोयीचे असते.

विकताना चित्राखाली प्राण्याचे नाव, संग्रहालयाचे नाव आणि "बंदिस्त प्राणी" हे शब्द लिहावेत. वन्यजीव छायाचित्रांच्या अनेक स्पर्धांत अशी चित्रे चालत नाहीत, आणि कात्रजचा वाघ चांदोलीचा म्हणून विकणे ही ग्राहकाची फसवणूक आहे. संग्रहालयाचे बोधचिन्ह मात्र वेगळ्या लेखी परवानगीशिवाय छापू नये, कारण त्यामुळे उत्पादन संग्रहालयाचेच असल्याचा समज होतो.