५० रुपयांतला तो जादाचा १ रुपया: खुलासा

व्हॉट्सॲपवर कित्येक वर्षं फिरतंय ते कोडं, की ५० रुपयांतले २० खर्च केले, उरले ३०, मग १५ खर्चले, उरले १५, मग ९, उरले ६, शेवटी ६, उरले ०. खर्चाची बेरीज ५०, पण उरलेल्यांची ५१, मग हा १ रुपया आला कुठून? खाली हमखास लिहिलेलं असतं की गणिताच्या सरांनाही जमलं नाही.

अहो, रुपया कुठूनच आलेला नाही. खर्चाची बेरीज ५० येणारच, पैसे तेवढेच होते. पण शिलकांची बेरीज करायचीच कशाला? पहिल्या ३० मध्येच पुढचे १५ आहेत आणि त्या १५ मध्ये पुढचे ६, म्हणजे तेच पैसे आपण परत परत मोजतोय.

हेच खर्च उलट्या क्रमाने करून बघा, आधी ६, मग ९, १५, २०. शिल्लक ४४, ३५, २०, ०, बेरीज थेट ९९! एक-एक रुपया करून ५० वेळा खर्चलात तर १२२५ येते, आणि एकदम ५० उडवलेत तर शून्य. ५१ हा आकडा मुद्दाम ५० च्या जवळ येईल असे खर्च निवडलेत, म्हणून शंका येते. पोरांना हे कोडं जरूर घाला, पण सोबत हा ९९ वाला हिशोबही करायला लावा.