लिम्फोसाइट वाढरोध चाचणी

एखादे औषध माणसाच्या लिम्फोसाइट या प्रतिकारपेशींची वाढ किती रोखते, हे रक्तातून काढलेल्या पेशींवर शरीराबाहेर मोजण्याची पद्धत. मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर देतात त्या सायक्लोस्पोरिनसारख्या औषधांचा प्रभाव तिच्यात दिसतो.

हेपरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्याच्या) नळीतले रक्त प्रति मिलिलिटर १.०७७ ग्रॅम घनतेच्या फायकॉल द्रावावर अलगद सोडून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवले की तांबड्या पेशी तळाला बसतात आणि मधे दुधट कडे उरते. लिम्फोसाइट त्यात असतात. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच. त्यांच्या रक्तातल्या अपक्व तांबड्या पेशीही या कड्यात मिसळतात, तेव्हा मोजणी जपून करावी.

शांत लिम्फोसाइट आपणहून विभागत नाही, तिला डिवचावे लागते. त्यासाठी राजम्यातले फायटोहिमॅग्लुटिनिन वापरतात (अर्धकच्चा राजमा बाधतो तो याच प्रथिनामुळे). त्याचा हा गुण अमेरिकी संशोधक पीटर नॉवेल यांनी १९६० मध्ये दाखवला. मग ९६ खाचांच्या थाळीत औषधाच्या चढत्या मात्रा घालून पेशी ३७ अंश सेल्सिअसला, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये साधारण तीन दिवस ठेवतात. शेवटच्या काही तासांत किरणोत्सारी थायमिडीन (डीएनएचा एक घटक) देतात. विभागणारी पेशी ते डीएनएत ओढून घेते, म्हणून पेशींतल्या किरणोत्सारावरून वाढ मोजतात. वाढ निम्म्यावर आणणारी मात्रा हा औषधाच्या जोराचा आकडा.

खरी मेख पुढेच आहे. वाढीचा आकडा घसरला तो पेशी थोपली म्हणून, की मेली म्हणून? सायक्लोस्पोरिन पेशीतले कॅल्सिन्युरिन हे विकर (एन्झाइम) अडवते, वाढीचा निरोप देणारे इंटरल्युकिन-२ हे प्रथिन तयार होत नाही आणि पेशी जिवंत राहूनही विभागत नाही. विषही वाढ थांबवतेच. म्हणून ट्रिपॅन ब्लू हा रंग घालून पाहतात: मेलेल्या पेशी निळ्या होतात. हळदीतले कर्क्युमिनही थाळीत लिम्फोसाइटची वाढ दाबते. पण ते आतड्यातून फारच थोडे शोषले जाते, तेव्हा हळदीच्या दुधाकडून तीच अपेक्षा धरू नये.

एटापल्ली किंवा धारणीसारख्या दूरच्या गावाहून रक्त नागपूरला न्यायचे तर लसीच्या डब्यात बर्फ भरण्याचा मोह होतो. तो टाळावा; गारठ्याने या पेशींची वेगळी होण्याची आणि वाढण्याची क्षमता बिघडते. मे महिन्यातली ४५ अंशांची झळही तितकीच वाईट. माठातल्या पाण्याच्या पिशव्या त्यापेक्षा बऱ्या. तीन दिवसांत लाईन गेली आणि उबवणपेटी थंडावली, तर वाढ आपोआप मंदावते व श्रेय औषधाला जाते. हे उघडकीला येते ते औषध न घातलेल्या खाचांवरून. त्यांतही वाढ दिसली नाही, तर ती थाळी फेकून नवे रक्त घ्यावे.