अपील वेगळं, रिव्ह्यू वेगळा

नागपुरात सिव्हिल लाइन्सच्या हायकोर्टात ये-जा असणाऱ्यांना हा फरक पाठ असतो: अपील वरच्या कोर्टात, पुनर्विलोकन (रिव्ह्यू) त्याच न्यायाधीशापुढे. फॉर्म्युला वन या मोटार शर्यतींमध्येही तसंच आहे. तरी निकालावरून वाद पेटला की चाहते दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरतात.

अपील म्हणजे स्टुअर्डचा (शर्यतीतल्या पंचांचा) निर्णयच चुकला असं म्हणत वर जाणं. निर्णयानंतर तासाभरात इरादा लेखी कळवायचा आणि ९६ तासांत अपील पक्कं करायचं किंवा सोडायचं. २०२१ मध्ये अबू धाबीत मर्सिडीज संघाचे दोन्ही प्रोटेस्ट (निकालाविरुद्धच्या लेखी तक्रारी) फेटाळले गेले. संघाने इरादा कळवला, पण मुदतीतच माघार घेतली.

मात्र शर्यतीत दिलेल्या पाच-दहा सेकंदांच्या शिक्षेवर अपीलच चालत नाही. २०१९ मध्ये कॅनडात फेरारीचा चालक फेटेल आधी पोहोचूनही पाच सेकंदांपायी मर्सिडीजच्या हॅमिल्टनच्या मागे गेला. फेरारीने अपिलाचा इरादा कळवला, पण ती वाट बंदच होती. उरला रिव्ह्यू, आणि त्याची चाळणी फार बारीक. पुरावा नवा हवा, महत्त्वाचा हवा, प्रकरणाशी संबंधित हवा, शिवाय निर्णयाच्या वेळी संघाला मिळू न शकलेला हवा. एक अट हुकली की खरी सुनावणी सुरूच होत नाही. फेरारीने माजी चालक करुण चंडोकचं टीव्हीवरचं विश्लेषण पुढे केलं. ते नवं ठरलं, पण त्रयस्थाचं मत म्हणून बाद झालं. हे योग्यच झालं. मतांवर निकाल फिरू लागले तर कुठलाच निकाल टिकणार नाही.

२०२३ मध्ये सौदी अरेबियात ॲस्टन मार्टिनने काम चोख केलं. त्यांचा चालक अलोन्सो थांब्यावर पाच सेकंदांची शिक्षा भोगत असताना गाडी उचलायचा मागचा जॅक गाडीला टेकला, म्हणून आणखी दहा सेकंद लागले आणि तिसरा क्रमांक गेला. संघाने नियमांवरच्या सल्लागार समितीच्या बैठकीचं इतिवृत्त आणि जॅक टेकूनही शिक्षा न झालेल्या सात घटनांचे व्हिडिओ दिले. जॅक टेकणं म्हणजे गाडीवर काम करणं (शिक्षा भोगताना त्याला मनाई असते), असं एकमत झाल्याचं स्टुअर्डना सांगितलं गेलं होतं. तसं स्पष्ट एकमत नव्हतंच, हे या पुराव्यातून दिसलं. तिसरा क्रमांक परत मिळाला.

पण रिव्ह्यू जिंकूनही सगळं परत मिळत नाही. २०२५ मध्ये नेदरलँड्समधल्या झांडवोर्टच्या शर्यतीतली चालक सैन्झची शिक्षा रद्द झाली, त्याच्या नावावरचे पेनल्टी पॉइंट (दंडाचे गुण) पुसले गेले. शर्यतीत भोगलेले दहा सेकंद मात्र गेले ते गेलेच. ही उणीव खरोखर बोचते.

विदर्भातून राष्ट्रीय शर्यतींना जाणाऱ्यांनी स्पर्धेच्या सप्लिमेंटरी रेग्युलेशन्समधून (त्या स्पर्धेच्या पूरक नियमांमधून) प्रोटेस्टची मुदत आणि अनामत रक्कम आधीच टिपून ठेवावी. निकाल नोटीस बोर्डावर लागताच वेळेसकट फोटो काढावा आणि पुरावा हाताशी राहावा म्हणून कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड त्याच संध्याकाळी कॉपी करावं.