काविळीत यकृतावर हल्ला कोण करतं?

पावसाळ्यात सांडपाणी विहिरीत नाहीतर नळाच्या पाइपात झिरपलं, की गोव्यात काविळीची भीती सुरू होते. अशा काविळीमागे बहुधा हिपॅटायटिस ए किंवा ई हा विषाणू असतो आणि बहुतेक जण काही आठवड्यांत बरे होतात. मोजक्या काहींचं मात्र बघता बघता बिनसतं. माणूस दिवसा झोपतो, रात्री टक्क जागा राहतो, असंबद्ध बोलू लागतो. कालपर्यंत ठणठणीत असलेलं यकृत निकामी होऊ लागलेलं असतं.

आपण खापर विषाणूवर फोडतो. खरं तर हे विषाणू यकृताच्या पेशीला स्वतः फारसे मारत नाहीत. लागण झालेल्या पेशी हुडकून मारतात त्या आपल्याच टी-पेशी, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी. मर्यादेत राहिलं तर हेच बरं होणं.

यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येतं, जंतूंचे तुकडे घेऊनच. ते गिळायला कुफर पेशी यकृतातल्या बारीक रक्तवाहिन्यांत ठिय्या देऊन असतात. कार्ल फॉन कुफर यांनी १८७६ मध्ये त्यांचं वर्णन केलं. एरवी त्या गाजावाजा न करता काम करतात. पण यकृताच्या पेशी एकदम मोठ्या संख्येनं फुटल्या, की त्यांच्या पोटातला डीएनए आणि प्रथिनं बाहेर सांडतात आणि कुफर पेशी खवळतात. त्या टीएनएफसारखी दाह भडकवणारी रसायनं सोडतात, रक्तातून मोनोसाइट आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी बोलावून घेतात. त्या धुमश्चक्रीत आणखी पेशी मरतात, आणखी ऐवज सांडतो. रसायनं अंगभर पसरली की रक्तदाब ढासळतो, मूत्रपिंडं थकतात. साठलेल्या अमोनियाची भर पडून मेंदूला सूज येते. पॅरासिटामॉलच्या अतिसेवनात तर जंतू नसतोच, तरी पेशी मरू लागल्यावर हेच चक्र फिरतं.

आता रिपोर्टकडे बघा. एसजीपीटी, म्हणजे यकृताच्या पेशी फुटल्या की रक्तात सांडणारं द्रव्य, तीन हजारांवरून चारशेवर आला, की घरचे सुटकेचा श्वास सोडतात. त्याच कागदावर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, दीडच्या वर चढत असेल, तर एसजीपीटी उतरला तो फुटायला पेशीच उरल्या नाहीत म्हणून. रक्त गोठवणारे बरेच घटक यकृतच बनवतं. त्यातला सातवा घटक काही तासांतच निम्मा होतो, म्हणून आयएनआर लगेच खरं सांगतो. काविळीत गुंगी आली किंवा आयएनआर वाढला, तर गावठी औषधाची आणखी एक मात्रा देऊन वाट बघू नका. थेट बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात न्या. गरोदर बाईच्या बाबतीत तर एक दिवसही दवडू नका. शेवटच्या तीन महिन्यांत हिपॅटायटिस ई फार घातक ठरतो.

मग स्टेरॉइड देऊन या खवळलेल्या प्रतिकारक पेशी गप्प का करत नाहीत? स्वप्रतिकारामुळे होणारा हिपॅटायटिस सोडला, तर त्यानं फायदा झालेला नाही. त्याच मोनोसाइट पुढे रूप बदलून मेलेल्या पेशींचा निचरा करतात, आणि टीएनएफ व आयएल-६ ही रसायनंच यकृताच्या उरलेल्या पेशींना विभागायला लावतात. शिवाय हल्ल्यानंतर प्रतिकारशक्ती इतकी गळून जाते, की पुष्कळ रुग्ण जंतुसंसर्गानं दगावतात.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत वेगळा मार्ग धरला होता. रुग्णाचा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पेशी सोडून उरणारा द्रव, मोठ्या प्रमाणावर काढून दात्यांचा चढवला, म्हणजे पेशींना हात न लावता त्यांना भडकवणारी रसायनं कमी केली. प्रत्यारोपण न मिळालेल्यांमध्येही त्यानं जगणाऱ्यांचं प्रमाण वाढलं.